वरून टाकलेले पैसे

साताऱ्याच्या कचेरीच्या अंगणात मेलेलं कुत्रं पडलं होतं. मी विक्रीकराची नोटीस पदराखाली धरून पायरीच्या खाली उभी होते. कारकून बाहेर आला. त्यानं नोटीस मागितली नाही. आधी माझ्याकडं बघितलं, मग कुत्र्याकडं.

"कोण गं तू? जात कुठली?"

सांगितली.

"देवासारखी आलीस. आधी ते ओढून टाक. सकाळपासून नाक धरून बसलोय. मग बघू तुझं."

मी कराडजवळच्या मलकापुराहून आले होते. कराडातून सर्व्हिस मोटार धरून, मागच्या फळीवर अंग चोरून बसून. धुवट लुगडं नेसले होते. वाटभर घोकत होते, काय बोलायचं, कुठून सुरू करायचं. ते सगळं तोंडातच राहिलं. मी वाकले. कुत्र्याच्या मागच्या पायाला सुतळी बांधली आणि ओढ्यापर्यंत ओढत नेलं.

आम्ही ढोर. कातडं कमावणारे. त्या वेळी मला राग आला तो एवढाच, की मेलेलं ओढणं हे आमच्यातलं काम नव्हे. आता राग वेगळा आहे. ते कुणाच्याच जातीचं काम नव्हतं. ज्याच्या अंगणात मेलं, त्याचं होतं.

परत आले तर शिपाई पाणी शिंपडत होता. कुत्रं पडलं होतं तिथं शिंपडलं. मी उभी होते तिथंही शिंपडलं.

"ठेव कागद पायरीवर," कारकून म्हणाला. मी ठेवला. मी मागं सरले तेव्हा त्यानं उचलला.

"मालक कुठंय? मालकाला पाठव. बायकांशी काय बोलायचं कराचं?"

"मालक वारलं, सायेब. आता मीच हाय."

तो आत तोंड करून ओरडला, "अहो, ही बघा! मालकीण आलीय ढोराची!"

आत खुर्च्या हलल्या. चार माणसं मनापासून हसली. मीही हसले. का हसले, ते अजून कळत नाही. माणूस एकटं असलं की समोरचा हसला तरी त्याच्या बरोबर हसतं.

बाकावर कोरेगावकडचा एक तेलाचा व्यापारी बसला होता. त्याचाही कर तुंबला होता, त्याच्याही हातात तसलाच कागद होता. कारकून त्याला म्हणाला, "या शेठ. घाबरू नका. साहेबांपुढं म्हणणं मांडा. एकदम जमत नसेल तर हप्ते मागा. अर्ज केला की मिळतात. हिशेब चुकलाय वाटलं तर वर अपील आहे."

मग माझ्याकडं वळला. "महिन्यात सगळा भर. नाहीतर जप्ती. जा."

कायदा एकच होता. बाकावर बसलेल्याला एक सांगितला, अंगणात उभ्या असलेलीला एक. मी खाली मान घालून उभी होते, पण माझे कान काही खाली नव्हते. हप्ते हा शब्द मी पदराच्या गाठीला बांधला आणि निघाले.

आता ही कराची भानगड माझ्या गळ्यात कशी पडली ते सांगते.

गावाबाहेर ओढ्याच्या काठाला आमची कुंडं. कातडी चुन्याच्या कुंडात भिजायची, मग रापीनं खरवडायची, मग बाभळीच्या सालीच्या पाण्यात मुरवायची. हात कोपरापर्यंत तांबूस व्हायचे. तो रंग कशानं निघत नाही. मिरजेच्या बाजारातून धनी कातडी आणायचे, आणि त्यांच्या मोटा शिवायचो. विहिरीवरची मोट. बैलांनी ओढायची, पाणी उपसून थारोळ्यात ओतायची. कृष्णाकाठचा ऊस आमच्या मोटेवर पोसला. ते पाणी पाटील प्यायचे, देव न्हायचे, गुऱ्हाळाच्या काहिलीत त्याचाच गूळ व्हायचा. मोट चालायची. मोट करणारा विहिरीच्या धावेवर, बैलांच्या त्या उतारावर, चढलेला चालायचा नाही.

पूर्वी मोटेला सुगीत धान्य मिळायचं. दिलं तर दिलं. धनी म्हणाले, रोखीनं विकू. लढाईच्या दिवसांत कातड्याला भाव आला, धंदा वाढला, आमच्यातली चार घरं कुंडावर कामाला लागली. पण एक अडचण होती. शेतकरी आमच्या हातात पैसे देत नसे. कराडच्या पेठेत आप्पा म्हणून एक आडते होते, म्हणून त्यांच्या आडतीवर मोटा ठेवायच्या. शेतकऱ्यानं पैसे आप्पांच्या गादीवर द्यायचे. आप्पांनी आपली दलाली कापून बाकीचे आमच्या पदरात टाकायचे. वरून. हात लागू नये म्हणून हातभर उंचावरून. एखादं नाणं पदराबाहेर पडायचं, घरंगळत गटाराकडं जायचं, आणि आम्ही त्याच्या मागं धावायचो. आप्पांना त्याची गंमत वाटायची.

"पळ, पळ! लक्ष्मी पळाली बघ!" असं म्हणायचे.

आम्हीही हसायचो. रीतच होती. रीत म्हटलं की माणसाला त्यातला दगड दिसत नाही.

मग मुंबई सरकारनं विक्रीकर आणला. नदी ओलांडून सांगली संस्थानात गेलं तर तिथं अजून तो पोचला नव्हता. पेठेतल्या कितीकांनी आपल्या वखारी तिकडं हलवल्या. आमची कुंडं काय डोक्यावर घेऊन जायची? आप्पा धन्यांना म्हणाले, "माल तुझा, नाव तुझं नोंदवू. कर मी गिऱ्हाईकाकडनं घेतो आणि भरतो. तुला कचेरीत कोण उभं करणार?" धन्यांना ते उपकारच वाटले. आमचं नाव सरकारी कागदावर चढलं, त्या दिवशी धन्यांनी घरी गूळ आणला होता.

पुढच्याच वर्षी धनी गेले. पोटात दुखायला लागलं, मिरजेच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपले. नोंद माझ्या नावावर आली. आप्पा गिऱ्हाईकाकडनं कर घेत होते, हे मला पक्कं ठाऊक. शेतकरी लांबूनच माझ्यावर डाफरायचे, "सरकारचं कारण सांगून जादा घेतीस व्हय गं?" मी आप्पांना विचारायचे. आप्पा म्हणायचे, "पोचला सरकारला. तू कुंडं बघ."

पोचला नव्हता. एक पैसा पोचला नव्हता.

साताऱ्याहून आले ती सरळ आडतीवर गेले. आप्पा गादीवर पान लावत होते.

"आप्पा, कर भरला न्हाई म्हन्त्यात."

"राहिला असेल." चुना लावणारं बोट थांबलं नाही.

"तुमी घेतला व्हता की गिऱ्हाईकाकडनं."

"पुरावा आहे का?"

पैसे त्यांच्या हातात गेले होते, पदरात वरून पडले होते. मधे काय राहिलं ते कोण सांगणार?

मग त्यांचा आवाज मऊ झाला. "हे बघ, तुझ्यानं हे निभायचं नाही. कुंडं, जागा, धंदा, सगळं माझ्या नावावर करून दे. कर मी भरून टाकतो. तू कामाला ये. रोजची मजुरी मिळेल, काळजी मिटेल. लेकीसारखी आहेस तू मला."

लेकीसारखी! लेकीला कुणी उंबऱ्याबाहेर उभं करून बोलतं?

तरीही मी नाही म्हणाले नाही. विचार करते म्हणाले. खरं सांगायचं तर मला भ्या वाटत होतं. जप्ती झाली तर माझ्या एकटीचं नव्हतं, चार घरांचं पोट होतं. कुंडावरची माणसं माझ्या तोंडाकडं बघत होती, आणि मी कुणाच्या तोंडाकडं बघावं, ते माणूस मला उरलं नव्हतं.

एक भाऊ होता. माधवनगरला गिरणीत होता. पाठचा भाऊ, मी कडेवर खेळवलेला. रेल्वेनं गेले. खोली शोधत शोधत दारात उभी राहिले. तो बाहेर आला आणि दार मागं ओढून घेतलं.

"आक्का, आत नगं. आपन हितंच बसू."

"का रं? पानी तरी दे."

त्यानं इकडंतिकडं बघितलं. "आक्का, हितं मी दुसरी जात सांगितलीया. तुज्या अंगाला वास येतोय कुंडाचा. शेजारचं वळखत्याल."

त्यानं आतून तांब्या आणला. आम्ही रुळाच्या कडेला बाभळीखाली बसलो. मी त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकलं, पण त्याचे डोळे चाळीकडंच होते.

"सोड ती कुंडं," तो म्हणाला. "देऊन टाक आप्पाला. न्हाईतर होऊं दे जप्ती. कशाला त्या घाणीत मरतीस? आता संस्थान बी बुडालं, पळून जायाला नदीपल्याड जागा ऱ्हाईली न्हाई. हकडं ये. पर येताना…"

"काय?"

"हात घासून ये. आन् कुनी इचारलं तर गावाकडची हाय म्हन. भन हाय म्हनू नगं."

मी हात बघितले. कोपरापर्यंत तांबूस. या हातांनी मी त्याला भरवलं होतं. मी त्याला शिवी दिली नाही. त्यालाही जगायचं होतं, त्यानं त्याची वाट काढली होती. पण परतीच्या गाडीत मला जे रडू आलं तसं धनी गेले तेव्हाही आलं नव्हतं. धनी मेले होते. हा जिता होता आणि मला ओळखत नव्हता.

महिना सरत आला. आप्पांनी बोलावणं पाठवलं. कागद तयार होता. आडतीच्या पायरीवर त्यांनी तो पसरला, चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवली, शाईची डबी छडीनं माझ्याकडं सरकवली.

"कर अंगठा. आजच साताऱ्याला जातो मी."

मी बसले. अंगठा शाईत बुडवला. अंगठा कागदावर नेला आणि आप्पांकडं बघितलं. ते वाकून बघत होते. एरवी माझी सावली पडली तर धोतर सावरणारा माणूस, माझ्या अंगठ्याच्या वीतभर जवळ आला होता. त्याच्या तोंडातल्या पानाचा वास मला येत होता.

तिथं माझं डोकं लख्ख झालं. माझ्या अंगठ्याचा कागद याला चालतो. तो हा छातीशी धरून नेणार. माझं कमावलेलं कातडं चालतं. मोट चालते. घाण वास मारणारी कुंडंसुद्धा चालतात, त्यांच्यावर याचा जीव आहे. या सगळ्याला हात लावला तरी याला विटाळ नाही. माझ्या हातात नाणं ठेवायचं म्हटलं की तेवढा विटाळ. मग हा विटाळ कातड्याचा नाही. हा हिशेबाचा आहे. शेतकऱ्याचा हात माझ्या हाताला लागला असता, तर मधे गळलेलं कळलं असतं.

मी अंगठा लुगड्याला पुसला.

"काय झालं?" आप्पा म्हणाले.

"न्हाई करत."

"वेडी आहेस का? जप्ती येईल!"

"येऊं द्या. कर मीच भरीन. पुन्यांदा भरीन. तुमी खाल्लेला बी भरीन."

"जीभ सांभाळ! उद्यापासून तुझी एक मोट या पेठेत विकली जाणार नाही."

"इथं ठिवनारबी न्हाई," मी म्हणाले.

पायरी उतरले. लोकांना वाटतं, असं बोलून आलं की छाती फुगते. माझी नाही फुगली. मी ओढ्याकाठी जाऊन अंगठ्याची शाई घासत बसले.

धन्यांच्या नावाचं डोरलं होतं. ते गेल्यावर काढून गाडग्यात ठेवलं होतं, कधीमधी हातात घेऊन बसायचे. ते सोनाराला विकलं. पहिल्या हप्त्यापुरतं झालं. गावातल्या शाळेच्या मास्तरकडून हप्त्याचा अर्ज लिहून घेतला आणि साताऱ्याला गेले.

तोच कारकून. तेच अंगण.

"बाहेर थांब. कागद पायरीवर ठेव."

मी पायरी चढले. दुसरी चढले. कारकून इतका गांगरला की त्याला ओरडायचं सुचलं नाही. आता कायद्यानं शिवाशिव गेली म्हणत होते, पण कायदा माझ्या आधी त्या पायऱ्या चढून गेला होता असं काही दिसलं नाही. मी सरळ साहेबाच्या टेबलापुढं जाऊन उभी राहिले.

साहेब काही देवमाणूस नव्हता. तिरसट होता. मी आप्पांचं सांगितलं तर म्हणाला, "ते तुझं आणि त्याचं. आम्हाला काय? नोंद तुझ्या नावावर आहे, कर तुझ्याकडून घेणार."

"घ्या. पर हप्त्यानं घ्या. त्या दिशी बाकावरल्या शेटला मिळत्यात म्हनून सांगितलं, तसंच मला द्या."

त्यानं पहिल्यांदा मान वर केली. अर्ज वाचला. दंड माफ होणार नाही म्हणाला. एक हप्ता चुकला की जप्ती, म्हणाला. मग सही केली.

पैसे भरायचे कारकुनाच्या टेबलावर. मी नोटा टेबलावर ठेवल्या नाहीत, त्याच्यापुढं हात करून उभी राहिले. त्यानं टेबलाकडं बोट दाखवलं. मी हलले नाही. शेवटी त्यानं दोन बोटांत टोक धरून नोटा ओढून घेतल्या. पावती फाडली. आणि माझ्या पायाशी जमिनीवर टाकली.

पावती फरशीवर पडली. शिक्क्याची बाजू वर होती. वाकायचं, उचलायचं, निघायचं. जन्मभर तेच केलं होतं. कमरेला ती सवयच होती. कमर अर्धी वाकलीसुद्धा.

मग ते कुत्रं आठवलं.

मी सरळ झाले. "हातात द्या."

"काय?"

"पैसं हातातनं घेतलंसा. पावती हातात द्या."

"उचलायची तर उचल, नाहीतर जा."

मी उभी राहिले. आरडाओरडा केला नाही. येतं कुणाला तसलं? नुसती उभी राहिले. लोक आले, लोक गेले. कुणी पावतीला वळसा घालून गेलं, कुणी मला. एकानं विचारलं, "हिला काय झालंय?" अख्ख्या कचेरीत माझ्या बाजूचं एक माणूस नव्हतं. तहान लागली होती. पायाला मुंग्या आल्या. मनात म्हटलं, धनी असते तर म्हणाले असते, उचल गं, चल, गाडी चुकंल. बरं झालं ते नव्हते, असंही मनात आलं, आणि त्याचंच फार वाईट वाटलं.

दिवे लावायची वेळ झाली. साहेब टोपी घालून निघाला. फरशीवर पावती बघितली, मला बघितलं.

"काय चाललंय हे? देऊन टाका हो. कुलूप लावायचंय."

कारकून उठला. वाकला. तो वाकला! पावती उचलली आणि माझ्या तळहातावर ठेवली. त्याची बोटं क्षणभर माझ्या तांबूस हाताला लागली. मग तो तरातरा मागच्या अंगणात गेला. हात धुतल्याचा आवाज मला ऐकू आला. धुवू दे. पाणी त्याचं, हात त्याचा.

पेठेत जागा नव्हती. मी बाजाराच्या टोकाला, गुरांच्या बाजाराकडं, गोणपाट अंथरून मोटा मांडल्या. एक ऊसवाला पाटील आला. कृष्णाकाठचा. त्याची मोट फाटली होती, ऊस वाळत होता, त्याला घाई होती. मोट चाचपली, शिवण बघितली. पैसे काढले आणि गोणपाटावर टाकले.

"उचल."

"हातात द्या, पाटील. मोटंचं आन् कराचं. अंगठ्याची पावती देती."

"काय म्हनलीस?"

"हातात."

मग त्यानं शिव्या दिल्या, माझ्या आईला दिल्या, मेलेल्या धन्यांना दिल्या. पैसे गोळा केले आणि गेला. बाजारभर बोभाटा झाला. दिवसभरात एकच मोट गेली. पूर्वेकडच्या कोरड्या भागातला एक म्हातारा धनगर होता, त्यानं आजूबाजूला कुणी बघत नाही ना हे बघितलं आणि पटकन माझ्या हातात पैसे ठेवले. घेतले मी. पण त्याचं ते आजूबाजूला बघणं मला नको होतं.

बाकीच्या मोटा डोक्यावर घेऊन परत गेले. रात्री शेजारची म्हातारी दारात येऊन म्हणाली, "तुज्या हातापायी आमच्या चुली इझवतीस व्हय गं? उचललं असतंस तर काय झालं असतं?" तिची चूल खरी होती.

दोन घरं काम सोडून आप्पांकडं गेली. बोभाटा ऐकून भावानं कळवलं, माधवनगरला येऊ नको.

हप्ता येतो तसा मी भरते. कधी उपाशी राहून भरते. कारकून पावती हातात देतो आणि मागं जाऊन हात धुतो. बाजाराच्या दिवशी मी त्याच टोकाला बसते. अजून कितीक जण पैसे गोणपाटावर टाकतात आणि वाट बघतात.

पैसे तिथंच पडून राहतात. मोट माझ्या मांडीशी असते. विहिरीवर त्यांचे बैल उभे आहेत, ऊस सुकतो आहे, मला ठाऊक आहे. मी हात पुढं करून बसते. वाकत नाही.